पाणी हळू घाला : पहिल्यांदा ॲब्सिंथ पिणाऱ्यांसाठी

स्वित्झर्लंडमधल्या नूशातेलला राहायला आल्यापासून भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचे दोन प्रश्न मला पाठ झालेत. पहिला, इथून आल्प्स दिसतात का. दुसरा प्रश्न थोरली मंडळी झोपायला गेल्यावर, आवाज जरा खाली आणून येतो. साताऱ्याच्या माझ्या आतेभावाने, म्हणजे दादाने, तो असा विचारला होता : "ते हिरवं मिळतं का रे इथं? पिऊन माणसं वेडी व्हायची म्हणे."

मिळतं. वेड लागत नाही. आणि खरी गंमत अशी की ते बहुतेक वेळा हिरवंही नसतं. आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर वाल-द-त्रावेर नावाचं खोरं आहे, तिथेच या दारूचा जन्म झाला. तिथेच तिच्यावर बंदी आली, बंदीच्या काळात तिथेच ती घराघरांत चोरून गाळली गेली, आणि १ मार्च २००५ला तिथेच पुन्हा उजळ माथ्याने दुकानात आली. दादासारखे बरेच जण आता विचारू लागलेत, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतो. ज्यांना दारू प्यायचीच नाही त्यांनी इतिहासापुरतं वाचलं तरी चालेल.

आधी भीती उतरवा

इंग्रजीत ॲब्सिंथ, इथल्या फ्रेंचमध्ये अब्सँत. नाव पडलं एका वनस्पतीवरून, आर्टेमिसिया ॲब्सिंथियम. युनानीत तिला अफसंतीन म्हणतात. आपल्याला जवळचं नातं सांगायचं तर ज्योतिबाला आपण वाहतो तो दवणा हाही आर्टेमिसियाच. पानं तशीच कातरलेली, राखाडी-हिरवी. फक्त दवण्याचा वास गोड आहे आणि ही चुलत बहीण भयंकर कडू. एक पान चघळून पाहिलं तर दुपारपर्यंत तोंड वाकडं राहतं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस कुव्हे या गावात ही वनस्पती, बडीशेप आणि ॲनिस (बडीशेपेसारख्याच वासाचं बी) दारूत भिजवून काढलेला अर्क औषध म्हणून विकला जाई. तो पहिल्यांदा कोणी केला यावर इथले लोक अजून भांडतात. कुणी पियेर ऑर्दिनेर नावाच्या परागंदा फ्रेंच डॉक्टरचं नाव घेतं, कुणी गावातल्या आंरियो नावाच्या बाईंचं. मी बाईंच्या बाजूचा. घरगुती काढ्याचं श्रेय डॉक्टरने लाटलं असेल यावर माझा चटकन विश्वास बसतो. पाककृती मेजर द्युबिए यांनी विकत घेतली, त्यांचे जावई आंरी-लुई पेर्नो धंद्यात आले, आणि १८०५मध्ये सीमेपलीकडे फ्रान्सच्या पोंतार्लिए गावात पेर्नोंची आसवनी, म्हणजे दारू गाळण्याचा कारखाना, उभी राहिली. (आपल्याकडे रॉयल स्टॅग आणि ब्लेंडर्स प्राइड विकणारी पेर्नो रिकार ही कंपनी याच घराण्याची वारस. तेव्हा कोपऱ्यावरच्या वाइन शॉपशी ॲब्सिंथचं दूरचं का होईना, नातं आहे.)

मग दोन गोष्टी घडल्या. १८३०नंतर अल्जीरियात लढणाऱ्या फ्रेंच सैनिकांना तापावर उतारा म्हणून ॲब्सिंथ मिळायची. ते चव घेऊन मायदेशी परतले. त्यानंतर १८६०च्या दशकापासून फायलोक्सेरा या किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागा खाल्ल्या, वाइन महागली आणि ॲब्सिंथ स्वस्त पडू लागली. १९१०पर्यंत फ्रान्स वर्षाला सुमारे ३ कोटी ६० लाख लिटर ॲब्सिंथ पीत होता. द्राक्षं पुन्हा उभी राहिली तेव्हा बागायतदारांना आपलं गिऱ्हाईक परत हवं होतं. दारूबंदीवाले आणि वाइनवाले एरवी एका पंगतीला बसले नसते. ॲब्सिंथच्या विरोधात मात्र ते मांडीला मांडी लावून बसले.

ठिणगी पडली ती स्वित्झर्लंडमध्ये. २८ ऑगस्ट १९०५ला कोम्युन्यी गावात झाँ लानफ्रे नावाच्या मजुराने गरोदर बायकोला आणि दोन लहान मुलींना गोळ्या घालून मारलं. त्या दिवशी त्याच्या पोटात लिटरोगणती वाइन गेली होती, वर कॉन्यॅक होती, आणखी बरंच काही होतं. ॲब्सिंथचे पेले दोन. वर्तमानपत्रांनी ते दोन पेले तेवढे उचलले. बंदीच्या अर्जावर ८२ हजारांहून जास्त सह्या झाल्या, ५ जुलै १९०८ला सार्वमत झालं, बंदी थेट राज्यघटनेत गेली आणि ७ ऑक्टोबर १९१०पासून लागू झाली. अमेरिकेने १९१२मध्ये, फ्रान्सने महायुद्धाच्या धामधुमीत मार्च १९१५मध्ये तोच रस्ता धरला. वाइनवर कुणी बोट ठेवलं नाही.

आपल्याला हे ओळखीचं वाटायला हवं. मुंबई इलाख्यात १८९२च्या मोहवा कायद्याने मोहाची फुलं बाळगण्यावरच निर्बंध घातले. त्यामागे आदिवासींच्या तब्येतीची काळजी किती आणि सरकारी दारूच्या महसुलाची किती, हे वेगळं सांगायला नको.

आता विज्ञानाचं. या वनस्पतीत थुजोन नावाचं द्रव्य असतं. मोठ्या मात्रेत त्याने झटके येतात, यात शंका नाही. एकोणिसाव्या शतकात मान्यां नावाच्या फ्रेंच डॉक्टरने वनस्पतीचं शुद्ध तेल प्राण्यांना देऊन हे दाखवलं आणि त्यावरून पेल्यातली दारूही तशीच, असा निष्कर्ष काढला. मिरचीचा अर्क डोळ्यात घालून रश्श्यावर बंदी घालावी, तसला हा प्रकार. २००८मध्ये बंदीपूर्व काळातल्या १३ सीलबंद बाटल्यांची रासायनिक तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांत लिटरमागे सरासरी २५ मिलिग्रॅमच्या आसपास थुजोन निघालं. आज युरोपात ॲब्सिंथला किलोमागे ३५ मिलिग्रॅमपर्यंत परवानगी आहे. म्हणजे "जुनी ती खरी, आताची पाणचट" हेही खोटं. ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये जास्तीत जास्त मिलिग्रॅमभर थुजोन येतं. तेवढ्याने परी दिसत नाही, भूतही दिसत नाही. त्या काळी लोक आजारी पडत ते अति दारूने, आणि स्वस्त मालात रंगासाठी घातलेल्या मोरचुदासारख्या विषांनी.

हे इतकं लांबवलं त्याला कारण आहे. दुकानात गेलात की हीच जुनी भीती तुम्हाला चढ्या भावात विकली जाते. बाटलीवर कवटी, वेडाचे डोळे, "थुजोन भरपूर!" अशी आरोळी. ती बाटली जागेवर ठेवून पुढे चला.

बाटली वाचायला शिका

सर्वांत आधी स्वतःला एक विचारा : जेवणानंतर बडीशेप आवडते का? चक्रीफूल घातलेला पुलाव आवडतो का? दोन्हींना उत्तर नाही असेल तर ॲब्सिंथ तुमच्यासाठी नाही, पैसे वाचवा. ॲब्सिंथची पहिली आणि शेवटची चव ॲनिसची असते. कडवटपणा मागून, हलकाच येतो. वनस्पती इतकी कडू असून दारू तशी का नाही, तर कडूपणा देणारं द्रव्य वाफेबरोबर वर चढतच नाही. गाळताना ते तांब्याच्या भांड्याच्या तळाशी राहतं, वर जातो तो सुगंध. जाता जाता : आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणजे भारी, पण इथला कारागीर पहिली धार बाजूला काढून टाकतो, शेवटचीही टाकतो. बाटलीत मधली धार भरतात.

आता लेबल. तीन गोष्टी बघा.

एक, 'दिस्तिले' म्हणजे गाळलेली, असं लिहिलंय का. नुसत्या स्पिरिटमध्ये सुगंधी अर्क आणि रंग मिसळूनही कायदेशीर ॲब्सिंथ करता येते आणि स्वस्त बाटल्यांत तेच असतं.

दोन, रंग. इथल्या खोऱ्यात पारंपरिक आहे ती पांढरी, म्हणजे पाण्यासारखी नितळ. तिला 'ला ब्ल' म्हणतात, शब्दशः 'निळी'. बंदीच्या काळात हिरवी बाटली दुरून ओळखू यायची, नितळ बाटली कपाटात कशातही खपून जायची. फ्रेंच पद्धतीची ती 'व्हेर्त', हिरवी. तिचा रंग गाळल्यानंतर पुन्हा वनस्पती भिजवून आणलेला असतो, म्हणजे पानांतलं हरितद्रव्यच. हा रंग फिका, पिवळसर झाक असलेला असतो आणि उन्हात ठेवला तर वाळक्या पानासारखा तपकिरी होतो. म्हणून चांगली व्हेर्त गडद काचेच्या बाटलीत येते. पारदर्शक बाटलीत होळीच्या रंगासारखं हिरवंगार काही दिसलं तर मागे ई१०२ आणि ई१३३ हे आकडे शोधा. ते कृत्रिम पिवळ्या आणि निळ्या रंगाचे.

तीन, टक्के. ला ब्ल साधारण ५०च्या पुढेमागे, ५३-५४ टक्के ही नेहमीची. व्हेर्त ६५ ते ७२, कारण कमी अल्कोहोलमध्ये तो पानांचा रंग टिकत नाही. पहिली बाटली ५४ टक्क्यांची पांढरी घ्या. माझं स्पष्ट मत आहे. ती सोपी, प्रवासाला सोयीची, आणि बिघडवून टाकायला जरा अवघड.

सामान : घरातलंच पुरतं

दुकानात तुम्हाला नळवाली काचेची सुरई, खाली फुगीर असलेला पेला आणि नक्षीचा जाळीदार चमचा असा संच दाखवतील. दिसतो सुंदर. नसला तरी काही अडत नाही. चमचा म्हणजे बुंदीच्या झाऱ्याचं धाकटं भावंड. त्याच्या जागी पेल्यावर आडवा ठेवलेला जेवणाचा काटा चालतो, चहाची गाळणीही चालते. सुरईच्या जागी बारीक चोचीचा तांब्या किंवा लहान मुलांचं औषध पाजायची झारी. मी अजूनही आईने दिलेली झारीच वापरतो आणि इथल्या शेजाऱ्यांना ती फार आवडते.

पेला पारदर्शक हवा, कारण अर्धी मजा बघण्यात आहे. पाणी बर्फासारखं गार हवं : तांब्यात बर्फ टाकून दहा मिनिटं ठेवा आणि ओतताना बर्फ बाहेर पडू देऊ नका. बर्फाचे खडे पेल्यात टाकायचे नाहीत.

साखर ऐच्छिक. इथल्या म्हाताऱ्या मंडळींपैकी कितीतरी जण ला ब्लमध्ये साखर घालणाऱ्याकडे अशा नजरेने बघतात, जशी आपण भातावर केचप ओतणाऱ्याकडे बघतो. व्हेर्तला एखादा घन बरा वाटतो. साखरेचे घन नसतील तर साधी साखर आधी थोड्या पाण्यात विरघळवून घ्या. खडीसाखर मात्र नको, ती रात्रभर विरघळत बसते.

पाणी घालण्याची रीत

हा या सगळ्याचा गाभा आहे, तेव्हा घाई नको.

पेल्यात ३० मिलिलिटर ॲब्सिंथ ओता. जास्त नको. आधी वास घ्या, पण नाक पेल्यात खुपसू नका, ५४ टक्के आहे ते. साखर घालणार असाल तर काटा आडवा ठेवून घन त्यावर ठेवा.

आता गार पाणी थेंब-थेंब सोडा. खरोखर थेंब. धार झाली की थांबा. पहिल्या काही थेंबांनी काहीच होत नाही, फक्त दारूत तेलकट लहरी उठताना दिसतात. मग तळाशी एक ढग तयार होतो, मोत्यासारखा, कधी निळसर झाक असलेला. तो वर चढत जातो, वर एक नितळ पट्टा उरतो, आणि शेवटी तोही पुसला जाऊन सगळा पेला दुधाळ होतो. फ्रेंचमध्ये याला लूश म्हणतात. आमच्याकडे पाहुणे असले की या क्षणी सगळे गप्प होतात, ज्यांना प्यायची नसते तेसुद्धा.

जादू वगैरे काही नाही. ॲनिस आणि बडीशेपेतलं ॲनेथोल हे तेल दाट अल्कोहोलमध्ये विरघळून राहतं, पाण्यात राहत नाही. पाणी वाढलं की त्याचे अतिसूक्ष्म थेंब बाहेर पडतात आणि त्यांवर प्रकाश विखुरतो. बादलीत डेटॉल टाकल्यावर पाणी पांढरं होतं, त्यामागेही तेलाचं हेच तंत्र आहे. हे उदाहरण दादाने दिलं, आणि त्यानंतर पहिला घोट घेताना सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. हळू का ओतायचं, तर वेगवेगळे सुगंध वेगवेगळ्या टप्प्यावर सुटतात : आधी फुलांचा, मग वनस्पतींचा, मग ॲनिसचा. भसकन ओतलं की नुसता ॲनिस पुढे येतो.

पाणी किती? पांढरीला तीन ते चार भाग, ६८ टक्क्यांच्या हिरवीला चार ते पाच. हिशेब करून बघा. ५४ टक्क्यांच्या ३० मिलिलिटरमध्ये ९० मिलिलिटर पाणी घातलं तर पेल्यात साडेतेरा टक्के अल्कोहोल उरतं. ६८ टक्क्यांच्या ३० मिलिलिटरमध्ये १२० घातलं तरी तेवढंच. साडेतेरा टक्के म्हणजे वाइन. ॲब्सिंथ मुळात अशीच प्यायची, वाइनच्या ताकदीने, जेवणाआधी, तासभर एक पेला घेऊन. जो माणूस ती शॉट म्हणून कोरी मारतो त्याला वेड लागतंच, फक्त थुजोनने नव्हे.

तीन भाग झाल्यावर एक घोट घ्या. जीभ चुरचुरली तर आणखी पाणी. फार गुळमट, पातळ वाटलं तर पुढच्या पेल्यात कमी. घातलेलं पाणी काढता येत नाही. तोंडात थोडी बधिरता आली तर घाबरू नका, ती ॲनिसची.

सोबत काय खायचं? इथे चीज आणि वाळवलेला सॉसेज असतो. खारे बदाम किंवा भाजलेले शेंगदाणे उत्तम जातात. लसूण शेव आणि तिखट चिवडा पुढे आला की पेल्यातलं सगळं नाजूक काम मातीत जातं. चखण्यावाचून घोट उतरत नसेल तर त्या दिवशी बिअर प्या.

हे करू नका

साखरेचा घन दारूत बुडवून पेटवण्याचा प्रकार तुम्ही पडद्यावर पाहिला असेल. तो पॅरिसचाही नाही आणि इथलाही नाही, १९९०च्या दशकात चेक प्रजासत्ताकातल्या बारमधून आलेला तमाशा आहे. तिकडच्या बऱ्याच बाटल्यांत ॲनिस कमी असायचा, पाणी घालून ढग उठत नसे, मग काहीतरी दाखवायला हवं होतं. मी नवीन होतो तेव्हा एका पर्यटनस्थळी, स्मृतिचिन्हांच्या दुकानातून असली भडक हिरवी बाटली आणली आणि घरी मोठ्या थाटात आग लावली. जळका घन पेल्यात पडला, पेल्यातली दारू पेटली, घाबरून मी गार पाणी ओतलं आणि काच तडकली. मेजपोसावरचा डाग अजून आहे. चव माउथवॉशमध्ये जळका गूळ घातल्यासारखी होती.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. काष्ठौषधीच्या दुकानातून अफसंतीन आणून व्होडकात भिजवू नका. न गाळता भिजवलं की सगळा कडूपणा तसाच उतरतो, पिण्याजोगं काही हाती लागत नाही. आणि वनस्पतीचं सुगंधी तेल तर कधीच पिऊ नका. १९९७मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेली केस आहे : इंटरनेटवरून वर्मवुडचं, म्हणजे याच वनस्पतीचं, तेल मागवून एका ३१ वर्षांच्या माणसाने ते ॲब्सिंथ समजून सुमारे १० मिलिलिटर प्यायलं. स्नायूंची मोडतोड झाली, मूत्रपिंडं निकामी झाली, रुग्णालयात भरती व्हावं लागलं. घरी गाळण्याचा विषय तर भारतात सरळ गुन्ह्याचा आहे, त्यात मिथेनॉलचा धोका वेगळा.

गरोदरपणात, फेफरं येण्याचा त्रास असेल तर किंवा झोपेची-झटक्यांची औषधं चालू असतील तर ॲब्सिंथ नकोच. आणि गोड बडीशेपेच्या चवीमुळे ती हलकी वाटते. तिसऱ्या पेल्याला ते कळतं, तेव्हा दुसऱ्यालाच थांबा.

खोऱ्यात यायचं असेल तर

स्वित्झर्लंडला येणारे मराठी पर्यटक ठरलेल्या बर्फाच्या शिखरांवर जातात आणि हा सगळा पश्चिमेचा भाग वगळतात. नूशातेलहून फ्लरियेकडे जाणारी लोकल गाडी पकडा. नदीकाठाने घाट चढत ती न्वारेग, कुव्हे, मोतिए अशा गावांतून जाते. या लोकलनेच या, मोटार नको. दिवसभर चवी घ्यायच्या असतील तर स्टिअरिंग हातात नको, इथे मर्यादा ०.५ प्रोमिल (रक्तात हजारात अर्धा भाग अल्कोहोल) आहे आणि पोलीस मनावर घेतात.

मोतिएला उतरा. तिथे २०१४पासून 'मेझों द लाब्सँत' हे संग्रहालय आहे. ते ज्या इमारतीत आहे, तिथेच पूर्वी चोरून गाळणाऱ्यांवर खटले चालत. या खोऱ्यात बंदीच्या जवळपास ९५ वर्षांत भट्ट्या कधी थंड झाल्याच नाहीत. हातभट्टी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नाल्याकाठचं पिंप येतं. इथे ती स्वयंपाकघरात, धुण्याच्या खोलीत चालायची, आणि गाळणाऱ्यांत बायका बऱ्याच होत्या. एका आजीबाईंची गोष्ट इथे प्रत्येक जण सांगतो. न्यायाधीशाने दंड ठोठावल्यावर त्यांनी विचारलं म्हणे, "आत्ता भरू, की तुम्ही तुमची बाटली न्यायला याल तेव्हा?" पुढे त्यांनी घराला हिरवा रंग लावला, असंही सांगतात. १९८३मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ नूशातेलला आले तेव्हा सरकारी मेजवानीत ॲब्सिंथ घातलेलं गोठवलेलं सुफ्ले वाढलं गेलं आणि त्यावरून केवढं प्रकरण पेटलं. बंदी असलेला पदार्थ, तोही राष्ट्राध्यक्षांच्या ताटात! सगळ्या खोऱ्याला हसू आवरेना.

चंद्रपूरची दारूबंदी २०१५मध्ये आली आणि २०२१मध्ये उठली, त्या सहा वर्षांत काय काय झालं हे तिकडच्यांना माहीत आहे. इथे तेच ९५ वर्षं चाललं, फक्त माल चांगला होता. तो का चांगला राहिला, तर गाळणारा आणि पिणारा एकाच गावचे, रोज समोरासमोर येणारे. वाईट माल दिला तर तोंड लपवायला जागा नव्हती. माझ्यापुरतं तरी हेच कारण पटतं.

बंदी उठल्यावर त्यांतले काही जण परवाने घेऊन रीतसर धंद्यात आले. कुव्हेची 'ला क्लांदेस्तिन' ही ॲब्सिंथ त्यातलीच, नावातच 'चोरटी'. मोतिएमध्ये क्युब्लेरची आसवनी आहे. आसवनीत जाताना आधी कळवा, घरगुती धंदे आहेत, दार बंद असू शकतं. बोव्हरेसला वनस्पती वाळवण्याचं जुनं लाकडी कोठार आहे. आत पाऊल टाकताच जो वास येतो त्याने मला चैत्रातली जत्रा आठवते. पायी फिरायची हौस असेल तर जंगलातल्या काही झऱ्यांपाशी ॲब्सिंथची बाटली लपवून ठेवलेली असते. आपला घोट घ्यायचा, झऱ्याचं पाणी घालायचं, पैसे ठेवायचे आणि बाटली होती तिथे ठेवून द्यायची.

वेळ असला तर सीमा ओलांडून पोंतार्लिएलाही जा. तिथल्या पेर्नो कारखान्यावर ११ ऑगस्ट १९०१ला वीज पडली. आग टाक्यांपर्यंत जाऊन स्फोट होऊ नये म्हणून टाक्यांतली ॲब्सिंथ दू नदीत सोडून दिली. पुढल्या दोन-तीन दिवसांत कित्येक किलोमीटर लांबच्या लू नदीच्या उगमाला ॲनिसचा वास येऊ लागला! दू नदीचं पाणी जमिनीखालून लूला मिळतं हा अंदाज त्यामुळे बळावला आणि पुढे रंग सोडून तो सिद्धही झाला. भूगोलाच्या पुस्तकात असे प्रयोग असते तर माझे गुण वाढले असते.

घरी नेताना

आता दादाची कहाणी. त्याने माझं न ऐकता ७२ टक्क्यांची हिरवी घेतली. विमानतळावर ती काढून घेतली गेली, कारण ७० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेली बाटली विमानात कुठल्याच सामानात चालत नाही, केबिनमध्ये नाही आणि खालीही नाही. २४ ते ७० टक्क्यांमधली चेक-इन सामानात चालते, माणशी ५ लिटरपर्यंत, सीलबंद. भारतात येताना शुल्कमाफ मर्यादा माणशी २ लिटर. आणि महाराष्ट्रात दारू बाळगायला-प्यायला परवाना लागतो, कडक दारूसाठी वय २५ पूर्ण हवं. गोव्यात २१. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिकडे नेऊ नका.

बाटली कपड्यात गुंडाळून, मग प्लास्टिकच्या पिशवीत. फुटली तर सगळी बॅग महिनाभर मुखवासासारखी दरवळते.

घरी पोचल्यावर फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीने ॲनेथोल गोठून तळाशी पांढरे कण धरतात. धरलेच तर बाटली बाहेर काढून ठेवा, ते पुन्हा विरघळतात. उघडलेली बाटली नीट बूच लावून ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. फक्त ऊन नको, अंधार हवा.

पुढच्या खेपेला दादाने परवाना काढला आणि ५४ टक्क्यांची पांढरी नेली. साताऱ्याच्या घरात ती देवघराशेजारच्या कपाटात, काढ्याच्या डब्यांमागे उभी आहे. अंधार लागतो म्हणून तिथे ठेवलीय, असं तो वहिनीला सांगतो.